अवजड यंत्रांचे पुनर्रंगकाम व त्याचा खर्च

अवजड यंत्रांचे पुनर्रंगकाम : जेसीबी, पोकलेन, लोडर, रोलर, डंपर, क्रेन यांसारख्या यंत्रांवरचा जुना रंग व गंज काढून, पत्रा दुरुस्त करून, अस्तर आणि नवा रंग चढविण्याचे काम. गॅरेजच्या बोलीत याला ‘डेंटिंग-पेंटिंग’ म्हणतात. धातू उघडा पडेपर्यंत सगळा रंग काढणे आणि सुटलेला रंग तेवढा खरवडून वरून हात मारणे, असे याचे दोन प्रकार आहेत. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर पडते. या खर्चात नव्या रंगाचा वाटा लहान असतो. पैसा जातो तो जुना रंग काढणे, नको तिथे रंग लागू नये म्हणून झाकाझाक करणे आणि यंत्र उभे राहिल्याने भाडे बुडणे यांवर.

स्थानिक संदर्भ : सुदामा नगर ही इंदूरच्या पश्चिम भागात फूटी कोठी व अन्नपूर्णा या परिसरात वसलेली मोठी निवासी वसाहत असून तिचे ए, बी, सी असे सेक्टर आहेत. होळकरांच्या काळापासून इंदुरात रुजलेल्या मराठी कुटुंबांची वस्तीही या बाजूला आहे. पाया खणणे, जुने बांधकाम पाडणे, नळ व गटारांसाठी चर काढणे या कामांसाठी अशा वसाहतीत यंत्रे येत-जात राहतात. त्यांचे रंगकाम मात्र वस्तीत करता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. कॉम्प्रेसर आणि ब्लास्टिंगचा आवाज तिच्या कितीतरी वर जातो. धूळ आणि थिनरची वाफ यांचा त्रास वेगळाच. म्हणून हे काम औद्योगिक भागातल्या शेडमध्ये न्यावे लागते आणि यंत्र ट्रेलरवर चढवून नेण्या-आणण्याचे भाडे खर्चात धरावे लागते. सुदामा नगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर धार जिल्ह्यातले पीथमपूर आहे. तिथे आयशरचे ट्रक तयार होतात. बॅकहो लोडर व रोलर बनविणारा केस कंपनीचा कारखानाही तिथेच असून तो २०११ पर्यंत लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत होता.

कारखान्यातला रंग आणि गॅरेजातला रंग : कारखान्यात यंत्राचे भाग जोडणीआधी किंवा जोडणीच्या टप्प्याटप्प्यावर रंगविले जातात. पत्र्याचे भाग धुऊन फॉस्फेटच्या द्रावणात बुडवितात, अनेक ठिकाणी विजेच्या साहाय्याने अस्तर चढवितात आणि भट्टीत भाजतात. त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात, पोकळ भागातही रंग पोहोचतो. गॅरेजात येते ते जोडलेले यंत्र. त्यावर रबरी नळ्या, वायरी, काचा, रेडिएटर, ग्रीसचे निपल, सिलिंडरचे चकचकीत रॉड असतात. यातले जे सोडवता येईल ते सोडवायचे आणि उरलेले कागद-टेप लावून झाकायचे. नव्या यंत्राच्या रंगापेक्षा जुन्याचा रंग तुलनेने महाग पडतो तो यामुळे.

रंगाची ओळख : यंत्राचा रंग ही कंपनीची ओळख असते. अमेरिकेच्या कॅटरपिलर कंपनीची यंत्रे आधी करड्या रंगाची होती. १९३१ मध्ये तिने दुरून दिसणारा पिवळा रंग स्वीकारला आणि १९७९ मध्ये त्याची छटा बदलली. भारतात जेसीबीचा पिवळा आणि टाटा हिताचीचा नारिंगी रंग ओळखीचे आहेत. कंपनीच्या छटेचा तयार डबा मिळाला तर ठीक, नाहीतर दुकानात छटा जुळवून घ्यावी लागते. उन्हाने रंग उडालेल्या जुन्या पत्र्याशी नवी छटा सहसा जुळत नाही. एकच बाजू रंगवली तर ती वेगळी दिसते आणि काम वाढत जाते.

जुना रंग काढायचा की नाही : याचा निर्णय दोन साध्या चाचण्यांनी होतो. पहिल्या चाचणीत धारदार पात्याने रंगावर धातूपर्यंत उभ्या-आडव्या रेघांची जाळी ओढतात, त्यावर चिकटपट्टी दाबून लावतात आणि झटक्यात ओढतात. पट्टीबरोबर चौकटी उचकटून आल्या तर त्या रंगावर नवा रंग टिकणार नाही. उचकटलेली खपली आडवी धरून पाहिली तर कडेला थर मोजता येतात : वर फिकट पिवळा, त्याखाली आधीच्या मालकाने मारलेला गडद पिवळा, मग लाल किंवा करडे अस्तर आणि तळाशी तपकिरी भुकटी. ही भुकटी म्हणजे रंगाखाली पसरत गेलेला गंज होय. दुसऱ्या चाचणीत थिनरचा बोळा रंगावर मिनिटभर दाबून धरतात. रंग विरघळला किंवा सुरकुतला तर खाली साधा इनॅमल किंवा ड्युको आहे असे समजावे. त्यावर हार्डनर घातलेला पॉलियुरेथेन रंग मारला तर त्यातले तीव्र द्रावक खालचा थर उचलतात आणि सगळे काम फुगते. अशा वेळी जुना रंग काढावा लागतो. जुना रंग घट्ट असेल तर पॉलिश पेपरने घासून खडबडीत करणे पुरते.

माळव्याची काळी माती इथे विशेष त्रासदायक ठरते. ती साखळीच्या व चाकांच्या भागात घट्ट बसते, ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली पत्रा सडत राहतो. प्रेशरच्या पाण्याने ती निघाल्याशिवाय गंज किती खोल गेला ते कळत नाही. म्हणून यंत्र धुण्याआधी दिलेला अंदाज पुढे बदलतो. ग्रीस व तेल मात्र डिटर्जंट किंवा द्रावकाने आधीच काढावे लागते. तेलकट पत्र्यावर ब्लास्टिंग केले तर तेल निघत नाही, उलट पसरते.

काढण्याच्या पद्धती : (१) हाताने खरवडणे आणि ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश. भांडवल कमी लागते, मजुरी जास्त जाते आणि खड्ड्यांतला गंज मागे राहतो. (२) रासायनिक रिमूव्हर. पातळ पत्र्याला हा बरा असला तरी सांध्यांत अडकलेले रसायन पुढे नव्या रंगाला फोड आणते. जुन्या रिमूव्हरमधले मेथिलीन क्लोराइड हे द्रव्य बंद जागेत जीवघेणे ठरते; अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी त्याच्या रिमूव्हरची विक्री थांबविली. (३) दाणेदार पदार्थाचा मारा म्हणजे ब्लास्टिंग. बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या माऱ्याचे पेटंट घेतले. आज वाळूऐवजी तांब्याच्या भट्टीतली मळी (कॉपर स्लॅग), गार्नेट किंवा पोलादी दाणे वापरतात. जाड पोलादासाठी ही सर्वांत चांगली पद्धत होय. बॉनेटसारखा पातळ पत्रा मात्र तिने लहरतो.

ब्लास्टिंगनंतरची स्वच्छता आयएसओ ८५०१-१ या मानकातल्या पायऱ्यांनी सांगतात. एसए २½ म्हणजे जवळजवळ पांढरा धातू आणि एसए ३ म्हणजे पूर्ण स्वच्छ. हत्यारांनी केलेल्या सफाईसाठी एसटी २ आणि एसटी ३ या पायऱ्या आहेत. कोटेशनमध्ये पायरी लिहिलेली नसेल तर ‘ब्लास्टिंग करून’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. तीन-अष्टमांश इंच तोंडाच्या नोझलला १०० पौंड दाबावर मिनिटाला सुमारे २०० घनफूट हवा लागते. एवढी हवा गॅरेजातल्या टायर भरण्याच्या कॉम्प्रेसरला देता येत नाही. मोठा डिझेल कॉम्प्रेसर आणावा लागतो आणि त्याचे डिझेल बिलात येते.

झाकाझाकीतली चूक सर्वांत महाग पडते. दाणा सिलिंडरच्या रॉडवर आदळला तर क्रोमवर बारीक खळगे पडतात आणि रॉड आत-बाहेर होताना सील कापले जाते. ब्रीदरमधून धूळ हायड्रॉलिक तेलात गेली तर पंपावर बेतते. म्हणून रॉड आत ओढून घेणे, उघडा भाग रबराने गुंडाळणे आणि सर्व तोंडे बंद करणे ही कामे मजुरीत स्वतंत्र लिहून घेणे हिताचे असते.

रंगाचे थर : स्वस्तातल्या कामात रेड ऑक्साइड आणि त्यावर इनॅमल ब्रशने मारतात. टिकाऊ कामात झिंक फॉस्फेटयुक्त एपॉक्सी प्रायमर, लागेल तिथे पुट्टी, मग पॉलियुरेथेनचे दोन हात असतात. एपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, म्हणून तो खाली राहतो आणि ऊन झेलायला वर पॉलियुरेथेन असतो. रंग किती लागेल ते सूत्राने काढता येते. रंगातल्या घन भागाचे आकारमानी शेकडा प्रमाण गुणिले १०, भागिले सुकलेल्या थराची मायक्रॉनमधली जाडी, म्हणजे एका लिटरमध्ये रंगणारे चौरस मीटर. घन भाग ५० टक्के आणि जाडी ५० मायक्रॉन असेल तर उत्तर १० येते. साध्या गनने फवारताना बराच रंग हवेत उडतो. ४० टक्के तूट धरली तर हातात ६ चौरस मीटर उरतात.

खर्चाचा हिशोब : पुढील आकडे बाजारभाव म्हणून दिलेले नाहीत, हिशोबाची रीत कळावी म्हणून ते धरले आहेत. एका बॅकहो लोडरचे रंगवायचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर मानू. प्रत्येक हाताला १० लिटर याप्रमाणे प्रायमर व रंगाच्या तीन हातांना ३० लिटर लागतील. सरासरी ५०० रुपये लिटर धरल्यास १५,००० रुपये. ब्लास्टिंग चौरस मीटरला २०० रुपयांनी १२,००० रुपये. सोडवणे, झाकणे, पत्राकाम, घासणे व फवारणी यांसाठी तीन माणसे आठ दिवस, रोज ८०० रुपयांनी १९,२०० रुपये. पुट्टी, थिनर, टेप, स्टिकर, रबर यांचे ८,००० रुपये. बेरीज ५४,२०० रुपये होते आणि तीत रंगाचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास येतो.

यंत्र दहा दिवस उभे राहिले, दिवसाला आठ तास व तासाला १,००० रुपये भाडे धरले, तर ८०,००० रुपयांचे काम हातचे गेले. डिझेल व ऑपरेटरचा वाचलेला खर्च निम्मा मानला तरी निव्वळ नुकसान ४०,००० रुपयांचे होते. ते मिळवल्यावर रंगाचा वाटा १६ टक्क्यांवर उतरतो. यावरून दोन गोष्टी कळतात. लिटरमागे शंभर रुपये वाचविण्यासाठी हलका रंग घेतला तर एकंदर खर्चात ३,००० रुपयांचाच फरक पडतो. उलट काम पाच दिवसांनी लांबले तर त्याच्या सहापटीहून जास्त, म्हणजे २०,००० रुपये जातात. कराचाही हिशोब धरावा : जुलै २०१८ पासून रंगांवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे.

हवामान : पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, असा रंगकामाचा सर्वमान्य दंडक आहे. इंदुरात पावसाळ्यात तो पाळणे कठीण जाते. ब्लास्टिंग केलेला पत्रा दमट हवेत काही तासांतच तांबूस होतो, तेव्हा त्याच दिवशी प्रायमर चढवावा लागतो. अडचण अशी की खोदाईची कामे थंडावल्याने यंत्र रिकामे असते तेही पावसाळ्यातच, शिवाय खंडेनवमीच्या पूजेला ते झळकावे अशी मालकाची इच्छा असते. यावर तोडगा असा की धुणे, पत्राकाम, वेल्डिंग ही कामे पावसात उरकावीत आणि ब्लास्टिंग व रंग उघडीप मिळाल्यावर लागोपाठ घ्यावेत. उन्हाळ्यात उलट अडचण येते : हार्डनर घातलेला रंग डब्यातच लवकर घट्ट होतो आणि उडती धूळ ओल्या थरावर बसते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ रंगाला उत्तम, पण तेव्हा यंत्राला कामही भरपूर असते.

आरोग्य व कचरा : वाळूच्या माऱ्यातून उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी अशा कामात वाळू वापरण्यावर बंदी घातली. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा रोग सरकारला कळविणे बंधनकारक केले. जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत शिशाचे क्रोमेट असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे २०१६ चे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, पण औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेत नाहीत. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. रंगाचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो आणि त्याची विल्हेवाट अधिकृत केंद्रातच लावावी लागते. असे केंद्र पीथमपुरात आहे. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा तिथेच आणला गेला. ज्या कोटेशनमध्ये मुखवटे आणि कचरा यांचा खर्च धरलेला नसतो, ते स्वस्त दिसते.

नोंदणी व विक्री : नोंदणी पुस्तिकेत यंत्राचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे रंग बदलल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे लष्कराचा ऑलिव्ह हिरवा रंग खासगी वाहनाला देता येत नाही. चासी क्रमांकाची पट्टी व कोरलेले आकडे रंगाखाली बुजू देऊ नयेत. पूर्ण रंग काढल्याने बूम व बकेटच्या सांध्यांतले तडे उघडे पडतात आणि वेळीच वेल्डिंग करता येते. हा पुनर्रंगकामाचा मोठा फायदा आहे. उलट जुन्या रंगावरच नवा हात मारला तर तेच तडे झाकले जातात. म्हणून जुने यंत्र घेणाऱ्याने रंगाची चमक पाहून भाव ठरवू नये. नळ्यांवर, ग्रीस निपलवर किंवा स्टिकरच्या कडेवर रंगाचे शिंतोडे दिसले तर झाकाझाक न करता घाईने फवारणी झाली आहे असे समजावे आणि बूमच्या सांध्यावरचा रंग खरवडून पाहण्याची परवानगी मागावी.