फायरवॉल कशी लावायची? लिनक्स सर्व्हर 'पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर' किती विश्वास ठेवू शकतो?

२८ फेब्रुवारी २०१८. भारतात रात्रीचे ११ वाजायला काही मिनिटं बाकी होती. जगभरातले प्रोग्रामर वापरतात ती गिटहब ही वेबसाईट अचानक बंद पडली. सेकंदाला तब्बल १.३५ टेराबिट इतका डेटा तिच्यावर येऊन आदळला होता. काही मिनिटांतच ती सावरली, पण तो तोवरचा सर्वांत मोठा हल्ला ठरला.

हा डेटा पाठवणारे हजारो सर्व्हर हॅक झालेले नव्हते. त्यांच्या मालकांनी फक्त एक दार उघडं ठेवलं होतं.

नेमकं काय झालं होतं?

मेमकॅश्ड नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. वेबसाईट वेगात चालावी म्हणून ते माहिती तात्पुरती मेमरीत ठेवतं. ते सर्व्हरच्या ११२११ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, उत्तरं देतं. हे दार आतल्या वापरासाठी असतं, पण अनेकांनी ते सगळ्या इंटरनेटला खुलं ठेवलं होतं.

हल्लेखोरांनी या सर्व्हरना छोटी विचारणा पाठवली आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून गिटहबचा पत्ता लिहिला. पाकिटावर दुसऱ्याचंच नाव टाकावं, तसं. एका बाईटच्या विचारणेला ५१ हजार बाईटपर्यंत उत्तर मिळू शकत होतं आणि ती सगळी उत्तरं गिटहबकडे गेली.

फायरवॉल काय करते?

येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला ती दोन मुख्य प्रश्न विचारते: कुठल्या दारावर आलात आणि कुठून आलात?

लिनक्समध्ये ही सोय कर्नलमध्येच आहे. तिचं नाव नेटफिल्टर. तिला नियम सांगण्यासाठी आधी आयपीटेबल्स हे साधन होतं, २०१४ पासून एनएफटेबल्स आलं. रोजच्या कामासाठी उबुंटूवर यूएफडब्ल्यू, तर फेडोरा आणि रेड हॅटवर फायरवॉलडी ही सोपी साधनं मिळतात.

नियम कुठल्या क्रमाने लावायचे?

१. आधी 'एसएस' या कमांडने कोणती पोर्ट उघडी आहेत ते पाहा. नको ती सेवा सरळ बंद करा.

२. बाहेरून येणारं सगळं नाकारा, हा मूळ नियम ठेवा.

३. वेबसाईट असेल तर ८० आणि ४४३ ही पोर्ट सर्वांना खुली करा.

४. सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं एसएसएचचं पोर्ट २२ फक्त तुमच्या ऑफिसच्या किंवा व्हीपीएनच्या ठरावीक पत्त्याला खुलं करा.

५. हे सगळं झाल्यावरच फायरवॉल चालू करा.

चौथी पायरी विसरून पाचवी केली, तर तुम्हीच बाहेर अडकाल. म्हणून चालू असलेलं लॉगिन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बऱ्याचदा बदलतो, मोबाईल नेटवर्कवर तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. असे पत्ते नियमात टाकू नका.

पण पत्ताच खोटा असेल तर?

इथे टीसीपी आणि यूडीपी यांतला फरक कळीचा आहे. एसएसएच टीसीपीवर चालतं. त्यात बोलणं सुरू होण्याआधी सर्व्हर दिलेल्या पत्त्यावर उत्तर पाठवतो आणि त्याची पोच आल्यावरच पुढे जातो. खोटा पत्ता देणाऱ्याला ते उत्तर मिळतच नाही. त्यामुळे चौथ्या पायरीतला नियम भरवशाचा ठरतो.

यूडीपीमध्ये अशी खातरजमा नाही. विचारणा आली की थेट उत्तर. मेमकॅश्डचा हल्ला यूडीपीवरूनच झाला. अशा वेळी 'पाठवणारा' पत्ता ब्लॉक करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, कारण तो पत्ता हल्लेखोराचा नसून बळी पडलेल्याचा असतो. उपाय एकच, ते दार बाहेरच्यांसाठी बंद ठेवणं.

लिनक्स खोटा पत्ता ओळखू शकतो का?

काही प्रमाणात. कर्नलमध्ये 'आरपी फिल्टर' नावाची सेटिंग आहे. पॅकेट आलं की कर्नल विचार करतो, या पत्त्याला उत्तर द्यायचं झालं तर ते याच वाटेने गेलं असतं का? नसेल तर पॅकेट टाकून देतो. ० म्हणजे तपासणी बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असेल, तर २ योग्य. ही सेटिंग फक्त आयपीव्ही४ साठी आहे, आयपीव्ही६ साठी फायरवॉलमध्ये वेगळा नियम लागतो.

मात्र एकच नेटवर्क कार्ड असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर तिचा उपयोग मर्यादित आहे. तिथे सगळं इंटरनेट एकाच वाटेने येतं, त्यामुळे बाहेरचा कुठलाही पत्ता 'बरोबर'च दिसतो. खरी तपासणी पॅकेट जिथून निघतं तिथे, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे, व्हायला हवी. ही शिफारस 'बीसीपी ३८' या नावाने २००० सालापासून आहे, पण सगळ्याच कंपन्या ती पाळत नाहीत.

हे नक्की तपासा

- डॉकरने बाहेर उघडलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून खुली राहतात. ती १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यालाच जोडा.
- डेटाबेस आणि मेमकॅश्ड यांनाही तोच नियम लावा.
- शेवटी दुसऱ्या नेटवर्कवरून स्वतःच्या सर्व्हरची पोर्ट तपासा. आतून बंद दिसणारं दार बाहेरून उघडं असू शकतं.

तुमच्या सर्व्हरवर चोरण्यासारखं काही नसेलही. पण गिटहबवर डेटा फेकणाऱ्या त्या हजारो सर्व्हरपैकी बहुतेकांचं काहीच चोरीला गेलं नव्हतं. वापर झाला होता तो त्यांच्या उघड्या दाराचा.