डाउन सिंड्रोम आणि स्वयंप्रतिकार रोग

डाउन सिंड्रोम हा २१व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे होणारा जनुकीय विकार आहे. हा विकार असलेल्या मुलांमध्ये स्वयंप्रतिकार रोग, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींवर हल्ला केल्यामुळे होणारे रोग, इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात.

कारणे

थायमस ग्रंथीत स्वतःच्या पेशींवर उलटणाऱ्या पांढऱ्या पेशी नष्ट केल्या जातात. या प्रक्रियेसाठी आवश्यक असलेले 'एआयआरई' जनुक २१व्या गुणसूत्रावर असते. इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनांच्या ग्राहींची चार जनुकेही याच गुणसूत्रावर असून, त्यांच्या जादा प्रतीमुळे रोगप्रतिकारशक्ती सतत उत्तेजित राहते.

प्रमुख रोग

अवटू ग्रंथीचे (थायरॉइड) विकार सर्वाधिक आढळतात. त्याखेरीज सीलिअॅक रोग, पहिल्या प्रकारचा मधुमेह, चाई, कोड आणि संधिदाह हे रोगही होतात. मधुमेह काही मुलांना वयाच्या दुसऱ्या वर्षापूर्वीच होतो.

निदान

सुस्ती, बद्धकोष्ठता, खुंटलेली वाढ ही अवटू ग्रंथीच्या मंद कार्याची लक्षणे मूळ विकाराचाच भाग समजली जाण्याचा धोका असतो. संधिदाहामुळे मूल चालणे टाळू लागले, तरी त्याला वेदना सांगता येतेच असे नाही. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता अवटू ग्रंथीची रक्ततपासणी जन्मतः, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी करण्याची शिफारस आहे. सीलिअॅक रोगाची प्रतिपिंड चाचणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. गहू आधीच बंद केल्यास चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

उपचार

अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यास लेव्होथायरॉक्सिन, तर मधुमेहात इन्सुलिन दिले जाते. सीलिअॅक रोगात गहू व जव आयुष्यभर वर्ज्य असतात. कोकणातील तांदळाची व नाचणीची भाकरी, घावन, भात हे पदार्थ मुळातच ग्लूटेनविरहित आहेत. मात्र बिस्किटे, पाव, रवा, शेवया आणि गव्हाचे पीठ मिसळलेला हिंग टाळावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील सेवा

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीयोग्य जन्मजात दोषांमध्ये डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांमध्ये मुलांची तपासणी करून त्यांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात विशेषज्ञांकडे जाण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू शकतो. वार्षिक रक्ततपासणीचा नमुना मात्र जवळच्या आरोग्य केंद्रात घेता येत असल्यास, विशेषज्ञांची गरज कोणत्या मुलाला आहे हे वेळेत कळू शकते.