एका निरोपाच्या गाण्याची हकीकत

श्रोतेहो, गाणे कोणाचे? जो रचतो त्याचे, जो गातो त्याचे, की जो विकत घेऊन ऐकतो त्याचे? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कित्येक कलावंतांच्या चुली पेटल्या आणि कित्येकांच्या विझल्या. आज आपण अमेरिकेतील एका गाण्याची हकीकत पाहू. ते गाणे एका शेतकऱ्याच्या मुलीने रचले, दुसऱ्याच एका मुलीने गाऊन जगभर नेले आणि एका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेने त्याला अमाप खप मिळवून दिला.

रचणारीचे नाव डॉली पार्टन. टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात १९४६ साली तिचा जन्म झाला. बारा भावंडांतली ती चौथी. बाप शेतात राबणारा, लिहिता-वाचता न येणारा. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना पैशांऐवजी मक्याच्या पिठाची गोणी दिली, असे ती स्वतःच सांगते. म्हणजे परिस्थिती कशी होती, ते वेगळे सांगायला नको.

१९६७ साली पोर्टर वॅगनर या नामांकित गायकाच्या दूरदर्शन कार्यक्रमात तिला जागा मिळाली. त्याने तिला पुढे आणले. पण सात वर्षांत तिचे पंख मोठे झाले आणि तिला आपल्या वाटेने जावेसे वाटू लागले. वॅगनर सोडायला तयार होईना. वाद झाले, बोलून काही उपयोग होईना. तेव्हा डॉलीबाईंनी एक गाणे रचले आणि ते त्याच्यासमोर जाऊन म्हटले. 'तुझे उपकार विसरणार नाही, पण मला जाऊ दे,' असा त्याचा भाव. त्या सांगतात की, ऐकताना वॅगनरच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने परवानगी दिली. तेच 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. तेव्हा पाहा, जग ज्याला प्रियकर-प्रेयसीचे गाणे समजते, ते मुळात एका शिष्येने गुरूचा घेतलेला निरोप आहे. १९७४ साली ते प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या ग्रामीण गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

आता खरी परीक्षा आली. त्या काळचा सर्वांत मोठा गायक एल्व्हिस प्रेस्ली याला हे गाणे गायचे होते. डॉलीबाईंना आभाळ ठेंगणे झाले. पण ऐन वेळी एल्व्हिसच्या व्यवस्थापकाने अट घातली की, गाण्याच्या हक्कांतला अर्धा वाटा आम्हाला द्या. बाईंनी नकार दिला. आपण रात्रभर रडलो, असे त्या सांगतात. पण नकार मागे घेतला नाही. ज्या घरात डॉक्टरांना द्यायला पैसा नव्हता, त्या घरातल्या मुलीने हातची एवढी संधी सोडली ती कशासाठी? तर आपले शेत आपल्याच नावावर राहावे म्हणून. शेतीचा सातबारा आपल्याला कळतो. गाण्यालाही सातबारा असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे अठरा वर्षे लोटली. १९९२ साली 'द बॉडीगार्ड' हा चित्रपट निघाला. एका प्रसिद्ध गायिकेच्या जिवाला धोका असतो, तिच्या रक्षणासाठी एक अंगरक्षक नेमला जातो, दोघांचा जीव एकमेकांत गुंततो आणि शेवटी दोघे दूर होतात, अशी ती कथा. गायिकेची भूमिका व्हिट्नी ह्यूस्टन हिने केली. १९६३ साली नेवार्क शहरात जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी. आई सिसी ह्यूस्टन चर्चमध्ये भजने गाणारी आणि गाणे शिकवणारी. व्हिट्नीचा आवाज तिथेच तयार झाला. या चित्रपटापूर्वीच तिच्या गाण्यांनी अमेरिका गाजवली होती, पण पडद्यावरची ही पहिलीच मोठी भूमिका. आपल्याकडे पडद्यावर एकजण ओठ हलवतो आणि गातो दुसराच. इथे मात्र बालगंधर्वांच्या रंगभूमीसारखा प्रकार होता; जो नट तोच गवई.

चित्रपटाच्या अखेरीस दुसरेच एक जुने गाणे घ्यायचे ठरले होते. पण ते आधीच दुसऱ्या चित्रपटात येऊन गेले. मग नायक आणि निर्मात्यांपैकी एक असलेल्या केव्हिन कॉस्टनर याने डॉलीबाईंचे गाणे सुचवले. त्याने आणखी एक हट्ट धरला : सुरुवातीला एकही वाद्य नको, नुसता आवाज हवा. अशी सुरुवात रेडिओवाले वाजवतील का, अशी शंका ध्वनिमुद्रिकावाल्यांना होती. पण तो हट्टच कामी आला. पाऊण मिनिट साथीशिवाय नुसता आवाज चालतो. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी उचलते, तेव्हा घर कसे गप्प होते, ते आठवा. म्हणजे त्या पाऊण मिनिटाची ताकद कळेल.

संगीतकार डेव्हिड फॉस्टर याने लिंडा रॉनस्टॅट या गायिकेची १९७५ सालची मुद्रिका समोर ठेवली होती. तिच्यात शेवटचे कडवे नव्हते. डॉलीबाईंच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी ते कडवे त्याला सांगितले. ज्याला सोडून जायचे, त्याच्याच सुखाची कामना करणारे ते कडवे. ते गळाले असते तर निरोप उरला असता, आशीर्वाद राहिला नसता. मूळ कर्त्याला विचारावे ते यासाठीच.

नोव्हेंबर १९९२ मध्ये चित्रपट आणि त्याच्या गाण्यांचा संच बाहेर आला. टीकाकारांना चित्रपट फारसा रुचला नाही. लोकांनी मात्र डोक्यावर घेतला. संचातली पहिली सहा गाणी व्हिट्नीची, बाकीची इतरांची. तरी लोक तो तिच्या आवाजासाठीच घेत. निरोपाचे गाणे अमेरिकेच्या यादीत सलग १४ आठवडे पहिले राहिले, संच एकूण २० आठवडे. डिसेंबरात तर एका आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जगभरचा खप चार कोटींच्या वर धरतात. १९९४ साली त्याला वर्षातील सर्वोत्तम संचाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आणि गंमत अशी की, अमेरिकेत साध्या रेडिओवर ध्वनिमुद्रिका वाजली, तर तिचे मानधन रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळते, गाणाऱ्याला नाही. तेव्हा व्हिट्नीचा आवाज जितक्या वेळा घुमला, तितक्या वेळा डॉलीबाईंच्या घरी पैसा आला. एका रात्रीच्या रडण्याचे हे फळ! १९९५ साली त्यांनी मुलांना पाच वर्षांची होईपर्यंत दरमहा एक पुस्तक घरपोच फुकट देण्याची योजना सुरू केली. बापाला वाचता येत नव्हते, ही सल त्यामागे होती. शिक्षकबंधूंनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

व्हिट्नीची कहाणी मात्र इतकी सुखाची नाही. ती व्यसनाच्या आहारी गेली, आवाज थकला आणि ११ फेब्रुवारी २०१२ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी ती गेली. लहानपणी ज्या चर्चमध्ये गायली, तिथूनच तिची शवपेटी बाहेर निघाली. तेव्हा तेच निरोपाचे गाणे, तिच्याच आवाजात, लावले होते.

आपल्याकडे पठ्ठे बापूरावांच्या लावण्या गावोगाव गेल्या, फडाफडांतून गाजल्या. पण १९४५ साली बापूराव वारले ते हलाखीत. ऐकणारे होते, गाणारे होते, वाहवाही होती. सातबारा तेवढा नव्हता. तुमच्या गावातही एखादा शाहीर, एखादी ओवी रचणारी आजी असेल. शाळेच्या वहीत तिचे गाणे मुलांकडून लिहून घ्या. आणि गाण्याच्या वर, पहिल्या ओळीच्याही आधी, तिचे नाव लिहायला सांगा.