पाच पैशांचे तिकीट आणि तीन तबकड्यांचा संच : १९७१ सालच्या एका मदतगीताची कहाणी

१/
२८ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील दुकानांत एक छोटी तबकडी विक्रीला आली. तिच्यावर ज्या देशाचे नाव छापले होते, त्याला भारताचीही औपचारिक मान्यता तेव्हा मिळालेली नव्हती आणि अमेरिकी सरकार त्याला पूर्व पाकिस्तान म्हणत होते. गाण्याचे नाव ‘बांगला देश’, गायक जॉर्ज हॅरिसन. अनेक रॉक कलाकारांनी एकत्र येऊन संकटग्रस्तांसाठी गाणे मुद्रित करावे, या प्रथेचा आरंभ बहुधा इथूनच मोजला जातो. त्या गाण्याचे आणि त्याने उभ्या केलेल्या पैशाचे पुढे काय झाले, ते या धाग्यात पाहू.

२/
आधी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळ पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. मृतांचे अंदाज तीन ते पाच लाखांपर्यंत जातात. मदतकार्यातील पश्चिम पाकिस्तानी राजवटीच्या दिरंगाईने बंगाली जनतेचा रोष वाढला. डिसेंबरच्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळाले, पण सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली.

३/
त्यानंतर सीमा ओलांडून लोकांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्षअखेरीस भारत सरकारच्या नोंदीनुसार निर्वासितांची संख्या ९८ लाखांच्या पुढे गेली होती. बहुतेक जण पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय आणि आसाम येथील छावण्यांत होते. पावसाळा आणि पटकीची साथ दोन्ही एकाच वेळी आले. एवढ्या माणसांना रोज अन्न, औषध आणि निवारा पुरवण्याचा भार प्रामुख्याने भारताच्या तिजोरीवर पडला.

४/
लॉस एंजलिसमध्ये असलेल्या पंडित रविशंकर यांच्यासाठी या बातम्या परक्या मुलखातल्या नव्हत्या. त्यांचा जन्म वाराणसीचा असला, तरी वडिलांकडचे घराणे जेसोर जिल्ह्यातील. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूरचे, आणि गुरुपुत्र अली अकबर खाँ यांचा जन्मही तिथलाच. ज्या गावांची नावे वृत्तपत्रांत येत होती, त्यांत त्यांच्या नात्यागोत्यातली माणसे राहत होती.

५/
आता या कथेतला मुंबईचा धागा. रविशंकर आणि बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांची भेट १९६६ मध्ये लंडनला झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हॅरिसन सतार शिकण्यासाठी मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. थोड्याच दिवसांत त्याला लोकांनी ओळखले, हॉटेलभोवती गर्दी जमू लागली आणि रियाजासाठी गुरु-शिष्यांना काश्मीर गाठावे लागले.

६/
जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, या वेळी ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. मुंबईच्या फोर्ट भागातील एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. संतूरवर शिवकुमार शर्मा आणि सरोदवर अली अकबर खाँ यांचे पुत्र आशिष खाँ होते. याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यसंगीताचा भाग मुद्रित झाला. त्यात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे.

७/
हा तपशील ध्यानात ठेवण्याचे कारण असे की, १९७१ चे सहकार्य अचानक जुळलेले नव्हते. पाच वर्षांची तालीम, प्रवास आणि परस्परविश्वास त्यामागे होता. जून १९७१ मध्ये दोघे लॉस एंजलिसला ‘राग’ या माहितीपटाच्या संगीतावर काम करत होते. एखादी मैफल करून निर्वासितांसाठी सुमारे २५,००० डॉलर जमवावेत, अशी रविशंकरांची इच्छा होती. हॅरिसनने ती कल्पना कितीतरी मोठी केली.

८/
जुलैच्या आरंभी ‘बांगला देश’ मुद्रित झाले. निर्माता म्हणून हॅरिसनसोबत फिल स्पेक्टर होता. पियानोवर लिऑन रसेल, बासवर क्लाउस फोरमान, ड्रम्सवर रिंगो स्टार आणि जिम केल्टनर, सॅक्सोफोनवर जिम हॉर्न. आपला मित्र दुःख घेऊन आपल्याकडे आला, हा प्रसंगच गाण्याच्या आरंभी यावा, असे रसेलने सुचवल्याचे सांगितले जाते. सारे काम काही दिवसांत उरकले, कारण ऑगस्टच्या पहिल्या तारखेला मैफल ठरली होती.

९/
याच सुमारास बीटल्सच्या ॲपल कंपनीने दुसरी एक तबकडी काढली. तिची आठवण आज फार कमी लोकांना आहे. शीर्षक ‘जय बांगला’, संगीत रविशंकरांचे, निर्माता हॅरिसन. एका बाजूला बंगाली गीत, तर दुसऱ्या बाजूला रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची जुगलबंदी, तबल्यावर अल्ला रखा. जम्मूत जन्मलेले अल्ला रखा आकाशवाणी आणि चित्रपटसंगीताच्या निमित्ताने मुंबईकर झाले होते. ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीतही दिले.

१०/
या दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकाव्यात. हॅरिसनच्या गाण्यात यातना आहेत, मदतीची हाक आहे, पण त्या यातना कोणी दिल्या याचा उच्चार नाही. रविशंकरांच्या तबकडीचे शीर्षकच मुक्तिसंग्रामाची घोषणा आहे. एक गीत दात्याला उद्देशून आहे आणि दुसरे लढणाऱ्या माणसाच्या बाजूने उभे राहिले आहे. पाश्चात्त्य बाजारात पहिले खपले. पुढच्या मदतगीतांनीही तोच मार्ग पत्करला.

११/
तरीही हॅरिसनच्या गाण्याचे राजकीय वजन कमी लेखता येत नाही. तेव्हाचे निक्सन सरकार पाकिस्तानच्या पाठीशी होते. आमच्या सरावलीपासून जवळच असलेले तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये अमेरिकी सहकार्याने सुरू झाले होते. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, त्याच अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. अशा काळात अमेरिकी रेडिओवर ‘बांगला देश’ हे नाव गाण्याच्या रूपाने वाजत राहिले. अमेरिकेने त्या देशाला मान्यता दिली ती एप्रिल १९७२ मध्ये.

१२/
१ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दुपारी एक आणि रात्री एक, असे दोन कार्यक्रम, मिळून सुमारे ४०,००० श्रोते. हॅरिसन, रिंगो स्टार, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल आणि ‘बॅडफिंगर’ हा वाद्यवृंद. आरंभ मात्र भारतीय संगीताने झाला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्ला रखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती.

१३/
वाद्ये सुरात लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्य लावणेच इतके आवडले असेल तर वादन आणखी आवडेल, अशा आशयाचे मिस्कील उद्गार रविशंकरांनी काढले. हा प्रसंग आता विनोद म्हणून सांगितला जातो. त्यानंतर वाजली ती ‘बांगला धून’. पूर्व बंगालच्या मातीशी रक्ताचे आणि गुरुपरंपरेचे नाते असलेले दोन वादक न्यूयॉर्कमध्ये आपल्या उद्ध्वस्त होणाऱ्या भूमीची धून वाजवत होते.

१४/
आता पैशाची गोष्ट. तिकीटविक्रीतून २,४३,४१८ डॉलर ५० सेंट जमले. मूळ अपेक्षेच्या जवळपास दहापट असलेली ही रक्कम त्याच महिन्यात यूनिसेफकडे गेली. मोठे उत्पन्न मात्र मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेतून आणि चित्रपटातून यायचे होते. तिथे अडचणी सुरू झाल्या. कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांशी करारबद्ध होते. वितरण कोणी करायचे, कोणाला किती वाटा मिळायचा, यावर कंपन्यांची घासाघीस महिनोन् महिने चालली.

१५/
तीन तबकड्यांचा तो संच अमेरिकेत २० डिसेंबर १९७१ रोजी प्रसिद्ध झाला. ही तारीख पुन्हा एकदा वाचा. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली होती. ज्या युद्धातील निर्वासितांसाठी हे ध्वनिमुद्रण झाले, ते युद्ध संपल्यावर चार दिवसांनी संच बाजारात आला. ब्रिटनमध्ये तो जानेवारी १९७२ मध्ये पोहोचला. तिथे तो विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेला आणि १९७३ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

१६/
खरा पेच पुढे आला. कार्यक्रमाआधी यूनिसेफला रीतसर सहभागी करून घेतले गेले नव्हते. त्यामुळे अमेरिकी कर खात्याने या उत्पन्नाला धर्मादाय सवलत नाकारली. काही रक्कम आरंभी यूनिसेफला मिळाली, पण लक्षावधी डॉलर चौकशीत वर्षानुवर्षे अडकून पडले. ब्रिटनमध्येही विक्रीवरील करात सूट मिळाली नाही आणि हॅरिसनला स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम भरावी लागली. अडकलेल्या पैशाचा मोठा हिस्सा मोकळा झाला तो १९८० च्या दशकाच्या आरंभी. १९७१ मध्ये छावणीत जन्मलेले मूल तोवर दहा वर्षांचे झाले होते.

१७/
आता दृष्टी भारताकडे वळवू. १५ नोव्हेंबर १९७१ पासून भारत सरकारने टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर लावला. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवर ‘निर्वासित साहाय्य’ अशी अक्षरे वरून छापून काम भागवले गेले. १ डिसेंबरपासून निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट आले. हा कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू होता.

१८/
त्या सोळा-साडेसोळा महिन्यांत बोईसर किंवा पालघरच्या टपालपेटीत पाकीट टाकणाऱ्यालाही नेहमीच्या तिकिटाशेजारी हे छोटे तिकीट चिकटवावे लागे. त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि त्याचे नाव कुठल्या मुखपृष्ठावर आले नाही. पण तिकीट विकत घेताच ते पाच पैसे सरकारजमा होत. कोणत्या कंपनीचा वाटा किती, हा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता.

१९/
ही तुलना एकतर्फी होऊ नये. तिकीट हा सक्तीचा कर होता, मैफल हे स्वेच्छेचे दान होते. सरकारच्या हाती टपालखात्याची यंत्रणा तयार होती, तर हॅरिसनला सारे काही पाच-सहा आठवड्यांत उभे करायचे होते आणि त्याच्यापुढे या आकाराचा दुसरा नमुना नव्हता. पाच पैशांच्या तिकिटाने न्यूयॉर्कच्या तरुणाला पूर्व बंगालचे नाव कळले नसते. ते काम गाण्यानेच केले, आणि तेही तत्काळ. पैसा रखडला, पण नाव पोहोचले. म्हणून या दोन परिणामांचा हिशोब इतिहासाच्या अभ्यासकाने वेगवेगळा मांडला पाहिजे.

२०/
पुढच्या पिढीने या अनुभवातून काही घेतले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर यांनी इथिओपियातील दुष्काळासाठी ‘बँड एड’चे गाणे मुद्रित केले. त्या निधीचे व्यवहार पाहण्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. करमाफीला आधी नकार देणाऱ्या ब्रिटिश सरकारने जनमताच्या दडपणाखाली कराइतकी रक्कम मदतकार्याला दिली. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री हॉलिवूडमध्ये ‘वुई आर द वर्ल्ड’ मुद्रित झाले. त्याच्या पैशासाठीही ‘यूएसए फॉर आफ्रिका’ ही संस्था होती.

२१/
एक दोष मात्र वारशाने पुढे गेला. १९७१ च्या संचाच्या मुखपृष्ठावर रिकाम्या ताटासमोर बसलेले एक कृश मूल आहे. त्याचे नाव, गाव, त्याच्यावर ही वेळ आणणारी सत्ता यांपैकी काहीच त्या चित्रात नाही. १९८४-८५ च्या गाण्यांतही दुष्काळ जणू आभाळातून पडल्यासारखा येतो आणि इथिओपियातील यादवी युद्ध दिसत नाही. असे चित्र पाहून हात खिशाकडे चटकन जातो, पण हे घडले कसे, हा प्रश्न मागे राहतो.

२२/
आजही पूर, भूकंप, युद्ध यांची बातमी येताच आपल्या मोबाइलवर मदतीचे आवाहन येते. १९७१ चा अनुभव सांगतो की, पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. निधी कोणाच्या नावे जमा होतो? तो पोहोचवणारी संस्था आधीपासून ठरली आहे का? आणि ज्यांच्यासाठी निधी आहे, त्यांचे म्हणणे त्या आवाहनात कुठे आहे का? रविशंकर आणि हॅरिसन यांच्या हेतूत खोट नव्हती. तरीही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेळीच न ठरल्याची किंमत छावणीतल्या मुलांनी मोजली.

२३/
जाता जाता एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत किंवा आजोबांच्या कागदपत्रांत नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ या काळातील पाकिटे असतील, तर एकदा काढून पाहा. पाच पैशांचे ते तिकीट सापडले, तर पाकीट टाकून देऊ नका आणि तिकीट सोलून काढू नका. पाकिटावरील गावाचा शिक्का आणि तारीख यांच्यासह ते जपून ठेवा. एक कोटी माणसांच्या त्या मदतीत तुमच्या घराचाही वाटा होता, याचा तो पुरावा आहे.

धागा समाप्त.