आभासी उपकरणांसाठी कर्नलमधील सामायिक इंटरफेस : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एका प्रत्यक्ष संगणकावर एकाच वेळी अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करण्याच्या तंत्रास आभासीकरण असे म्हणतात. अशा प्रत्येक आभासी यंत्राची स्वतःची कार्यप्रणाली असते. नेटवर्क कार्ड, डिस्क यांसारखी उपकरणेही त्यास लागतात. ही उपकरणे त्यास कोणी व कोणत्या स्वरूपात पुरवावीत, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या इतिहासाकडे पाहिले असता त्यामागे एक व्यापक द्वंद्व असल्याचे दिसून येते. विशिष्ट उत्पादकाच्या हार्डवेअरशी बांधून घेऊन वेग मिळवावा, की सर्वमान्य करार पाळून स्वातंत्र्य राखावे, हे ते द्वंद्व होय. कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. लिनक्सच्या कर्नलमध्ये या द्वंद्वाची उकल कशी होत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) आभासी उपकरणांच्या विकासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) व्हर्टआयओ या सामायिक करारामागील कारणांचा शोध घेणे.
३) व्हीडीपीए या रचनेने वेग व स्वातंत्र्य यांची सांगड कशी घातली, हे तपासणे.

पार्श्वभूमी :

आभासीकरणाची कल्पना १९६० च्या दशकातील आहे. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-४० व सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या आणि १९७२ मध्ये कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. या प्रणालीत डायग्नोज नावाची आज्ञा वेगळ्याच कामासाठी वापरली गेली. प्रत्यक्ष यंत्रावर ती यंत्राच्या तपासणीसाठी राखीव होती. आभासी यंत्रात मात्र पाहुणी प्रणाली तिच्याद्वारे नियंत्रक प्रणालीशी थेट बोलू शकत असे. आपण आभासी आहोत हे पाहुण्या प्रणालीस ठाऊक असेल, तर काम अधिक सुलभ होते, हे तत्त्व येथेच दिसून येते.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासीकरणक्षम यंत्राच्या अटी शास्त्रशुद्ध रीतीने मांडल्या. पुढे सर्वत्र पसरलेले एक्स८६ प्रोसेसर या अटी पूर्ण करीत नव्हते. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने आज्ञांचे चालू अवस्थेत रूपांतर करून ही अडचण दूर केली. उपकरणांच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष बाजारात असलेल्या कार्डाची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करण्याचा मार्ग अवलंबिला गेला. त्यामुळे जुने ड्रायव्हर जसेच्या तसे चालत. परंतु पाहुण्या प्रणालीने नकली कार्डाच्या प्रत्येक रजिस्टरला स्पर्श करताच नियंत्रण यजमान प्रणालीकडे जाई व पुन्हा परत येई. या येरझाऱ्यांतच बराचसा वेळ खर्ची पडत असे.

करारांचा सुळसुळाट आणि व्हर्टआयओ :

२००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी झेन ही प्रणाली सादर केली. तिने नकलेचा मार्ग सोडून ड्रायव्हरचे दोन भाग केले. एक भाग पाहुण्याकडे, तर दुसरा यजमानाकडे राहिला आणि दोघांमध्ये सामायिक मेमरीद्वारे देवाणघेवाण होऊ लागली. वेग वाढला, परंतु हा करार झेनपुरताच मर्यादित होता. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाले. या सुमारास लिनक्समध्ये किमान आठ आभासीकरण प्रणालींना आधार होता आणि त्यांचे डिस्क, नेटवर्क व कन्सोल यांसाठीचे ड्रायव्हर वेगवेगळे होते. एकच काम आठ वेळा लिहिणे, आठ वेळा तपासणे व आठ वेळा दुरुस्त करणे भाग पडत होते.

या परिस्थितीवर रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ हा उपाय सुचवला. जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये तो समाविष्ट झाला आणि त्याच वर्षी त्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. व्हर्टआयओची रचना साधी आहे. पाहुणा व यजमान यांच्यात सामायिक मेमरीत रांगा असतात. प्रत्येक रांगेचे तीन भाग पडतात : माहिती कोठे ठेवली आहे हे सांगणारा तक्ता, पाहुण्याने पुढे केलेल्या नोंदींची यादी आणि यजमानाने उरकलेल्या नोंदींची यादी. उपकरण कोणतेही असो, देवाणघेवाणीची रीत एकच राहते. पुढे २०१६ मध्ये व्हर्टआयओ १.० ला ओएसिस या संस्थेचे अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. एका कर्नलमधील सोय अशा रीतीने सार्वजनिक करार बनली.

वेगाचा आग्रह व त्याची किंमत :

करार एक झाला, तरी तो पाळण्याचे काम सॉफ्टवेअरच करीत होते. २०१० मध्ये आलेल्या व्हीहोस्ट-नेटने माहितीवहनाचे काम यजमानाच्या कर्नलमध्ये नेले, तर नियंत्रणाचे काम क्यूईएमयू या बाहेरील प्रोग्रामकडेच ठेवले. माहितीवहन व नियंत्रण यांची ही फारकत पुढील काळासाठी महत्त्वाची ठरली.

दुसरीकडे, २००७ मध्ये पीसीआय-सिग या संघटनेने एसआर-आयओव्ही हे मानक जाहीर केले होते. त्यानुसार एकच कार्ड स्वतःस अनेक उपकरणांच्या रूपात दाखवू शकते आणि त्यांपैकी एकेक थेट आभासी यंत्राच्या हवाली करता येते. यजमान मधून बाजूला झाल्याने वेग जवळजवळ प्रत्यक्ष यंत्राइतका मिळतो. परंतु पाहुण्या प्रणालीत त्या विशिष्ट उत्पादकाचा ड्रायव्हर असावा लागतो. शिवाय चालू आभासी यंत्र न थांबवता दुसऱ्या संगणकावर हलवणे कठीण होते. कार्डाची अंतर्गत स्थिती यजमानास उमगत नाही आणि कार्डाने मेमरीत परस्पर केलेले बदलही त्याच्या नजरेस येत नाहीत. म्हणजेच, यंत्र वेगवान झाले, पण एका जागी जखडले गेले.

व्हीडीपीए : मध्यम मार्ग :

व्हर्टआयओच्या रांगा हार्डवेअरनेच थेट हाताळल्या तर काय, या विचारातून व्हीडीपीएचा उगम झाला. यात माहितीवहनाचा मार्ग व्हर्टआयओच्या मानकाप्रमाणे असतो, तर नियंत्रणाचा मार्ग उत्पादकाच्या पद्धतीचा राहू शकतो. वेगाची खरी गरज माहितीवहनास असते. नियंत्रणाची कामे तुलनेने क्वचित होत असल्याने त्यांचे भाषांतर सॉफ्टवेअरने केले तरी फारसे बिघडत नाही.

ही कल्पना कर्नलमध्ये कोठे बसवावी, यावर मतभेद झाले. २०१७ पासून उपलब्ध असलेल्या एमडेव्ह या चौकटीचाच वापर करावा, असे प्रस्ताव आधी पुढे आले. परंतु ती चौकट संपूर्ण उपकरण बाहेरील प्रोग्रामच्या हाती सोपवण्याच्या गरजेतून घडली होती. व्हर्टआयओ उपकरण मात्र स्वतः कर्नललाही वापरता यावयास हवे होते. चर्चेअंती स्वतंत्र व्हीडीपीए बस निर्माण करण्यात आली आणि २०२० मध्ये लिनक्स ५.७ मध्ये ती समाविष्ट झाली. तीत उत्पादकाच्या ड्रायव्हरने ठरावीक कामांचा एक संच पुरवावयाचा असतो : रांगेचा पत्ता नोंदवणे, रांगेस सूचना देणे, क्षमतांची यादी देणे, उपकरणाची स्थिती सांगणे इत्यादी. त्याच्या वरच्या बाजूस दोन दारे आहेत. व्हीहोस्ट-व्हीडीपीएमधून आभासी यंत्रास, तर व्हर्टआयओ-व्हीडीपीएमधून यजमानाच्या कर्नलला व त्यावरील कंटेनरना तेच उपकरण वापरता येते. आरंभी इंटेलचा ड्रायव्हर व एक अनुरूपक होता. त्याच वर्षी मेलानॉक्सच्या कार्डांसाठीही ड्रायव्हर आला.

मर्यादा :

या रचनेने सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येत नाही. व्हर्टआयओत सर्वांना मान्य झालेल्या सुविधाच वापरता येतात, त्यामुळे एखाद्या कार्डाचे खास गुण वाया जाऊ शकतात. स्थलांतरासाठी क्यूईएमयूला रांगेवर लक्ष ठेवणारी मधली रांग उभारावी लागते आणि तेवढ्या काळापुरता वेग कमी होतो. तसेच सर्वांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही. अ‍ॅमेझॉनने आपल्या क्लाउडसाठी ईएनए हा स्वतःचा नेटवर्क इंटरफेस घडवला. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये खुला आहे, तरीही तो करार एका कंपनीचा आहे.

निष्कर्ष :

१) आभासी उपकरणांचा इतिहास हा केवळ वेगवाढीचा इतिहास नसून करार कोणाचा असावा, या प्रश्नाचाही इतिहास आहे.
२) सामायिक इंटरफेसचे यश सर्व बाबी प्रमाणित करण्यात नसून, नेमक्या कोणत्या बाबी प्रमाणित कराव्यात याच्या निवडीत आहे. व्हीडीपीएने माहितीवहन प्रमाणित केले व नियंत्रण मोकळे सोडले.
३) खालचे हार्डवेअर बदलले तरी वरच्या आभासी यंत्रास त्याची जाणीव होऊ नये, हेच या स्वातंत्र्याचे खरे मूल्य आहे. ज्या संस्था आपली माहिती व सेवा इतरांच्या यंत्रांवर सोपवतात, त्यांची उत्पादक बदलण्याची मुभा अशाच सार्वजनिक करारांवर अवलंबून असते. म्हणून हा विषय संगणकशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही.