पेट्राचं पाणी

जॉर्डनमधल्या पेट्राला जायची वाट सिक नावाच्या घळीतून आहे. सव्वा किलोमीटर लांब, दोन्ही अंगांना सरळसोट कडे, काही ठिकाणी ऐंशी मीटरपर्यंत उंच. आमच्या गटातले सगळे वर बघत चालले होते. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे माझी नजर भिंतींच्या बुडाशी होती. डाव्या हाताला कड्यातच कोरलेली पन्हळ दिसली, आणि मग मला दुसरं काही सुचेना.

या पन्हळीवर एके काळी दगडी झाकणं होती. उजव्या बाजूच्या भिंतीतून खापरी नळांची ओळ जात होती. तिचे काही तुकडे अजून जागेवर आहेत. नळाचं एक तोंड निमुळतं, पुढच्या नळात बसेल असं, आणि सांध्यांवर गिलावा. आमच्या औरंगाबादच्या नहरींतही खापरी नळ सापडतात, पण ते सतराव्या-अठराव्या शतकांतले. हे दोन हजार वर्षांपूर्वीचे. मध्ये मध्ये गाळ बसवायला कुंड्या सोडल्या आहेत. गाळ बसला की कुणीतरी तो उपसायचा, म्हणजे त्यासाठी माणसं नेमलेली असणार. कुंडी पाहिली की मला त्या कामावरची माणसं दिसायला लागतात.

हे पाणी वादी मूसा गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ऐन मूसा झऱ्याचं. पेट्राच्या भागात वर्षाला जेमतेम 150 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही थोड्या दिवसांत, धो धो. एवढ्या तुटपुंज्या पावसावर नबाती लोकांनी राजधानी वसवली.

हे लोक मुळात घरं बांधणारे नव्हतेच. ग्रीक इतिहासकार दिओदोरस त्यांच्याविषयी लिहितो, ते इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरचं चित्र आहे. धान्य पेरायचं नाही, फळझाड लावायचं नाही, दारू प्यायची नाही, घर बांधायचं नाही, असा त्यांचा कायदा होता आणि मोडणाऱ्याला मृत्युदंड. वाळवंटात ते जमिनीखाली टाकी खोदत. तोंड अगदी लहान ठेवायचं आणि आत रुंदावत न्यायचं, तळाशी एकेक बाजू शंभर फुटांची. आतून गिलावा करायचा, पाणी भरलं की तोंड बुजवून जमीन सारखी करायची. खुणा फक्त आपल्या माणसांना ठाऊक. शत्रू मागे लागला की ते वाळवंटात शिरत, आणि शत्रू तहानेनं मागे फिरे.

ज्यांनी पाणी असं लपवलं, त्यांनीच पुढे तीनशे वर्षांत भर शहरात पोहण्याचा तलाव बांधला. सुमारे 43 मीटर लांब, 23 मीटर रुंद, मधोमध बेटावर मंडप आणि शेजारी बाग. या जागेला बरीच वर्षं बाजारपेठ म्हणत. 1998 मध्ये तिथे खोदकाम सुरू झालं तेव्हा तलाव निघाला. आज बघायला गेलं तर मोकळं माळरान आहे आणि कुणी थांबत नाही. मी थांबले. मला तरी पेट्रातली ही सर्वांत धाडसी वास्तू वाटते. अरबस्तानातून उंटांवर धूप लादून आठवडेच्या आठवडे तहान मोजत आलेल्या व्यापाऱ्यानं समोर एवढं उघडं पाणी पाहिलं, की या राजाची ताकद त्याला कुणी वेगळी सांगायला नको.

व्यापाराचा हा धागा आपल्यापर्यंत पोचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वाटाड्यात तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून पेट्राला, नबाती राजा मालिखसकडे जाणारी वाट सांगितली आहे. त्याच पुस्तकात पुढे पैठण आणि तेर येतात, तिथून गाड्यांवर भरून भडोचला जाणारा माल येतो. मी मराठवाड्याची. ही दोन्ही टोकं एकाच पुस्तकात आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

पेट्रातल्या प्रसिद्ध खझना या वास्तूबद्दल थोडक्यात. सुमारे 40 मीटर उंचीचं हे कोरीव दर्शन बहुधा चौथ्या अरेतस राजाच्या काळातलं, आणि ते खजिन्यासाठी नाही, दफनासाठी आहे. वरच्या दगडी कलशात सोनं आहे असं समजून बदूंनी त्यावर गोळ्या झाडल्या, त्या खुणा दिसतात. फोटोंसाठी तिथे आम्हाला भरपूर वेळ मिळाला.

आमचा वाटाड्या बदूल जमातीचा. 1980 च्या दशकात सरकारनं या जमातीला गुहांमधून उठवून जवळच्या उम्म सैहून वस्तीत नेलं. मी पाण्याचं विचारतेय म्हटल्यावर त्याची कळी खुलली. पावसाआधी त्याची आई नबाती टाक्यातला गाळ टोपल्यांनी काढायची, सगळं घर त्या पाण्यावर असायचं. त्यानं ते टाकं लांबून दाखवलं. गटाच्या वेळापत्रकात तिथे जाणं बसत नव्हतं.

इसवी सन 106 मध्ये रोमनांनी हे राज्य घेतलं, व्यापार हळूहळू दुसऱ्या वाटांनी गेला, आणि 363 च्या भूकंपात शहराबरोबर नळपन्हळींचीही मोडतोड झाली. सिकच्या तोंडाशी नबातींनी बांध घालून वादी मूसा ओढ्याचा पूर सुमारे 88 मीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेरच्या बाहेर वळवला होता. तो बांध नाहीसा झाला होता. 1963 च्या एप्रिलमध्ये घळीत अचानक पूर शिरला आणि वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी वाहून गेले. त्यानंतर बांध पुन्हा घातला, तो जुन्याच जागी, आणि पाणी पुन्हा त्याच जुन्या बोगद्यातून जाऊ लागलं.

तुम्ही जाल तेव्हा सिकमध्ये शिरण्याआधी, बांधापाशी उजवीकडे वळा. आभाळ निरभ्र असेल तर वाटाड्याला बोगद्यापर्यंत न्यायला सांगा. आतल्या भिंतींवर छिन्नीच्या तिरक्या रेघा स्पष्ट आहेत. आधी हे बघा, खझना नंतर.