दोन ओळींमधली जागा

सालेकसा स्टेशनात हावड्याकडून आलेल्या मुंबईच्या गाडीत चढा. साल १९५१. तुमचा गोंदिया जिल्हा व्हायला अजून ४८ वर्षं आहेत. गाव भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात. म्हणजे चाललात तेही परराज्यात.

मुंबईत तुमच्यापुढे कोरे कागद ठेवलेत. सिनेमा ‘अलबेला’. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, सगळ्यांचे अण्णा, चाल गाऊन दाखवतात. शेजारी ट्रम्पेट घेऊन बसलाय त्यांचा सहायक, हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणते. फुंकणाऱ्यांसाठी लिहायचंय तुम्ही.

वरातीतला बँड विसरा. तिथे सगळे मिळून चालच फुंकतात. इथे लता गात असताना पितळेनं गप्प बसायचं आणि ओळ संपली की तेवढ्यात उत्तर देऊन मोकळं व्हायचं. पाल्हाळ लावलंत की पुढची ओळ बुडाली.

आता सूर. ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणून ऐकू यायला हवा त्याहून एक पूर्ण सूर वर लिहा. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला आणखी वर. ट्रॉम्बोनला मात्र आहे तसंच. यात गफलत झाली तर तिघं तीन गावचे वाजतील! आणि वरच्या सुरावर फार वेळ टांगून ठेवू नका. दम असला तरी ओठ थकतात.

कागद वाटताच गोव्याची मंडळी वाजवू लागतात. स्टाफ नोटेशन त्यांनी लहानपणीच, चर्चच्या शाळेत गिरवलंय. गंमत म्हणजे तिकडे जमैकात, किंग्स्टनच्या अल्फा शाळेतही नन्सच्या देखरेखीखाली पोरं ट्रम्पेट-ट्रॉम्बोन शिकतात. त्यांतलेच काही जण १९६४मध्ये ‘स्कॅटलाइट्स’ या बँडमधून स्का वाजवतील. त्या संगीतात गिटार ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडते, आणि तिच्यावर हॉर्नची आखूड, ठसठशीत वाक्यं. दोन्हीकडे वाद्य हाती दिलं चर्चनं आणि नाचवलं लोकांनी.

चिक त्यातल्या त्यात नशीबवान. ‘अलबेला’च्या पडद्यावर तो आपल्या बँडसकट दिसतो तरी. असे कागद लिहिणाऱ्या बहुतेक गोवेकरांची नावं रेकॉर्डच्या लेबलवर आलीच नाहीत, आणि हा अन्यायच होता. तेव्हा जुनं गाणं लागलं की लताची ओळ संपल्यावर कान काढून घेऊ नका. पुढचं उत्तर कुणी लिहिलं, ते शोधा.